शुभेच्छापत्रांची मावळती दुकाने

इंग्लंडमधील लहानमोठ्या कोणत्याही गावी गेले, तरी मुख्य बाजाराचा एक रस्ता तेथे असतोच. गाव निराळे असले तरी रस्त्याचे नाव बहुधा एकच असते : हाय स्ट्रीट. आपल्याकडे ‘पेठेत जाऊन येतो’ म्हटले की घरच्यांना निराळा पत्ता सांगावा लागत नाही. तसेच तेथे या रस्त्याचे आहे. बँक, टपालकचेरी, औषधांचे दुकान, पाववाला, खाटीक, जोड्यांचे दुकान, आणि जवळपास कोठे तरी गावच्या चर्चचा मनोरा. या ओळीत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणखी एक दुकान येऊन बसले. त्यात मुख्यतः शुभेच्छापत्रेच विकली जात. अशी शेकडो दुकाने ब्रिटनभर पसरली. पन्नासेक वर्षे चालली. आणि गेल्या पंधरा वर्षांत एकामागून एक बंद पडत गेली. ती का बंद पडली आणि त्यांच्याबरोबर नेमके काय गेले, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम त्या दुकानाचे अंतरंग पाहावे. भिंतींना लागून छातीइतक्या उंचीपर्यंत आणि त्याहून वरही फळ्यांच्या उतरंडी असत. प्रत्येक खणात एक नमुना, आणि त्यामागे त्याच नमुन्याच्या प्रती व पाकिटे. फळ्यांची वाटणी नात्यांप्रमाणे केलेली असे. आईसाठी एक भाग, वडिलांसाठी एक. पती, पत्नी, मुलगी, नातू यांच्यासाठी निरनिराळे. त्यांच्या शेजारी प्रसंगांचे विभाग : वाढदिवस, विवाह, बारसे, नवे घर, परीक्षेतील यश, आजारातून उठणे. दुकानाच्या एखाद्या शांत कोपऱ्यात फिकट रंगांची, फुलांची चित्रे असलेली थोडी पत्रे ठेवलेली असत. ती दुखवट्याची. त्या कोपऱ्यात उभे असलेल्या गिऱ्हाइकाशी दुकानातील बाई आपण होऊन बोलायला जात नसे. पण त्याने मान वर केली की ती हळूच जवळ येई.

नात्यांच्या या वाटणीवरून एक गंमत ध्यानात येते. इंग्रज गिऱ्हाइकाला काकू, मामी, आत्या आणि मावशी या चौघींसाठी एकाच फळीकडे पाहावे लागते, कारण त्याच्या भाषेत या चौघींना एकच शब्द आहे. मराठी माणसाने असे दुकान काढले असते, तर नुसत्या चुलत आणि मावस नात्यांसाठीच त्याला एक भिंत राखून ठेवावी लागली असती. परंतु नाती मोजण्याची ज्याला मुळात फारशी हौस नाही असे म्हटले जाते, त्या इंग्रज समाजाने नात्यानात्यासाठी निराळे पत्र छापण्याचा एवढा मोठा धंदा उभारावा, हे विचार करण्यासारखे आहे. माणसे दूर राहू लागली, घरे लहान झाली, भेटी विरळ झाल्या. त्या विरळ झालेल्या भेटींची जागा या कागदाने भरून काढली.

या धंद्याचे मूळ टपालात आहे. १८४० पूर्वी ब्रिटनमध्ये पत्राचा आकार अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर ठरत असे, आणि बहुधा तो पत्र घेणाऱ्याला द्यावा लागे. गरीब घरी पत्र आले की आनंदाआधी काळजी येई. रोलंड हिल यांनी सुचविलेल्या सुधारणेनुसार १० जानेवारी १८४० पासून ठराविक वजनाचे पत्र देशात कोठेही एका पेनीत जाऊ लागले, आणि त्याच वर्षी मे महिन्यात जगातील पहिले चिकटविण्याचे टपाल तिकीट निघाले. या कामी हिल यांना ज्यांनी हातभार लावला, त्यांत हेन्री कोल नावाचे एक उद्योगी सरकारी अधिकारी होते. लंडनचे १८५१ चे महाप्रदर्शन भरविणाऱ्यांत ते प्रमुख होते, आणि आज व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्हणून जे वस्तुसंग्रहालय प्रसिद्ध आहे, त्याचे ते पहिले संचालक झाले.

टपाल स्वस्त झाले आणि कोल यांच्यापुढे एक नवीच अडचण उभी राहिली. नाताळात आणि नववर्षाला त्यांच्याकडे पत्रांचा ढीग पडू लागला. प्रत्येकाला स्वहस्ते उत्तर लिहावे तर वेळ नाही. न लिहावे तर शिष्टाचार मोडतो. तेव्हा १८४३ साली त्यांनी जॉन कॅलकॉट हॉर्सली या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतले, ते शिळाछापावर छापवून हाताने रंगविले, आणि आपल्या गरजेहून उरलेल्या प्रती एका शिलिंगला एक याप्रमाणे विक्रीस ठेवल्या. व्यापारी रीतीने विकले गेलेले हे पहिले नाताळपत्र. त्या वेळी शेतमजुराच्या दिवसाच्या मजुरीचा मोठा हिस्सा एका शिलिंगमध्ये संपत असे. म्हणजे ही वस्तू जन्मली तेव्हा श्रीमंतांचीच होती.

त्या पहिल्या पत्रावरील चित्र नीट पाहण्यासारखे आहे. मधोमध एक कुटुंब मेजाभोवती बसून मद्याचे पेले उंचावीत आहे. त्यातच एका लहान मुलाच्या ओठांनाही पेला लावलेला दिसतो, आणि यावरून मद्यपाननिषेधाच्या पुरस्कर्त्यांनी त्या काळी कोल यांना बरेच बोल लावले. परंतु त्या वादात चित्राच्या दोन्ही बाजूंकडे लोकांचे दुर्लक्ष होते. डाव्या-उजव्या बाजूंना दोन लहान चित्रे आहेत : एकात भुकेलेल्यांना अन्न दिले जात आहे, दुसऱ्यात उघड्यांना वस्त्र. ख्रिस्ती धर्मशिकवणुकीत दयेची जी कृत्ये सांगितली आहेत, त्यांतील ही दोन. त्याच शिकवणुकीत आजाऱ्याची भेट घेणे हेही एक कृत्य गणले आहे. शुभेच्छापत्र हे त्या भेटीचे धाकटे भावंड होय, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. जाता आले नाही, म्हणून पत्र पाठविले.

पुढे १८७० मध्ये ब्रिटिश टपालखात्याने छापील मजकुरासाठी आणि पोस्टकार्डांसाठी अर्ध्या पेनीचा दर सुरू केला. पाकीट न चिकटविता पाठविलेले पत्र अर्ध्या किमतीत जाऊ लागले. आपल्याकडील जुन्या मंडळींना यावरून बुकपोस्टाची आठवण होईल. दिवाळीचे भेटकार्ड पाकिटात घालायचे, पाकिटाची जीभ न चिकटविता नुसती आत खोचायची, आणि वर ‘बुकपोस्ट’ असे लिहून कमी किमतीचे तिकीट लावायचे, हा क्रम घरोघरी ठरलेला असे. त्यात कंजूषपणा नव्हता. ज्या घरी साठ-सत्तर पत्रे जायची, त्या घरी वाचलेल्या पैशात आणखी दहा जणांची आठवण निघत असे. स्वस्त टपाल आणि स्वस्त छपाई या दोन चाकांवर हा धंदा चालला, ही गोष्ट येथे ध्यानी ठेवावी. कारण पुढे त्यातले एक चाक निखळले.

तथापि शुभेच्छापत्रांसाठी स्वतंत्र दुकान ही कल्पना बरीच उशिराची. दीर्घकाळ ही पत्रे कागदवाल्यांकडे आणि वर्तमानपत्रे विकणाऱ्यांकडेच मिळत. १९६८ साली डॉन लेविन या गृहस्थांनी एसेक्समधील एपिंग या गावी एक दुकान उघडले आणि आपल्या मुलाच्या नावावरून त्याला ‘क्लिंटन’ हे नाव दिले. वीस वर्षांनी, १९८८ मध्ये, ही कंपनी शेअरबाजारात आली. १९६८ सालीच ‘पेपरचेस’ हेही दुकान सुरू झाले. त्याचा भर सुंदर कागद, वह्या आणि चोखंदळ पत्रे यांवर होता. २००४ मध्ये क्लिंटनने ‘बर्थडेज’ ही प्रतिस्पर्धी साखळी विकत घेतली. तेव्हा असे वाटत होते की, ब्रिटनमधील प्रत्येक पेठेत या कंपनीचे एखादे तरी दुकान असणारच.

उतार मात्र त्यानंतर लवकरच लागला. २००९ मध्ये ‘बर्थडेज’चा कारभार प्रशासकांच्या हाती गेला. मे २०१२ मध्ये खुद्द क्लिंटनवर तीच पाळी आली. कंपनीला बँकांनी दिलेले कर्ज तिला माल पुरविणाऱ्या ‘अमेरिकन ग्रीटिंग्ज’ या अमेरिकी कंपनीने विकत घेतले आणि ते फेडण्याची मागणी केली. साडेसातशेहून अधिक दुकाने आणि आठ हजारांहून अधिक नोकर असलेला डोलारा त्या मागणीपुढे टिकला नाही. पुरवठादारानेच मग सुमारे चारशे दुकाने घेऊन धंदा पुढे चालविला. उरलेल्यांना कुलपे लागली. २०१९ च्या डिसेंबरात, म्हणजे ऐन नाताळात, कंपनीची पुन्हा फेररचना झाली. २०२३ मध्ये आणखी ३८ दुकाने बंद करण्याची योजना मंजूर झाली. त्याच वर्षी पेपरचेसची १०६ दुकाने मिटली. तिचे नाव तेवढे एका मोठ्या किराणा कंपनीने विकत घेतले. २०२४ मध्ये क्लिंटन ‘कार्डझोन’ या दुसऱ्या साखळीच्या मालकांकडे गेले.

हे सर्व ऐकून कोणीही सहज निष्कर्ष काढील की, लोकांनी शुभेच्छापत्रे पाठविणे सोडले. परंतु येथेच खरी मेख आहे. ब्रिटिश लोक आजही दरवर्षी एक अब्ज पौंडांहून अधिक रक्कम शुभेच्छापत्रांवर खर्च करतात. नाताळपत्रे कमी झाली हे खरे; पण वाढदिवसाचे पत्र बरेचसे टिकून आहे. याचा अर्थ वस्तू मेलेली नाही. तिचे दुकान मेले आहे. तेव्हा कारण लोकांच्या मनात शोधण्याआधी बाजारात शोधले पाहिजे.

पहिले कारण किराण्याची अवाढव्य दुकाने. दूध, पाव आणि बटाटे घेण्यासाठी आठवड्यातून एकदा तेथे जावेच लागते. त्यांनी पैसे देण्याच्या वाटेवर शुभेच्छापत्रांची एक फळी मांडली, आणि भाजीबरोबर आईच्या वाढदिवसाचे पत्रही टोपलीत पडू लागले. वेगळी खेप वाचली. दुसरे कारण स्वस्ताई. १९९७ मध्ये डीन आणि जॅनेट हॉईल या पतिपत्नींनी यॉर्कशरमधील वेकफील्ड येथे ‘कार्ड फॅक्टरी’ सुरू केली. त्यांनी पुढे चित्रे काढण्यापासून छापण्यापर्यंतचे काम आपल्याच घरात आणले, त्यामुळे मधल्या दलालांचा नफा वाचला आणि एका पौंडाच्या आत पत्र देता येऊ लागले. या कंपनीची आज एक हजाराहून अधिक दुकाने आहेत. म्हणजे पेठेतून शुभेच्छापत्र पूर्णपणे हद्दपार झाले असे नाही. अगदी स्वस्त दुकान टिकले, आणि थोडी हौशी, महाग, मालकिणीने स्वतः निवडून माल ठेवलेली काही छोटी दुकानेही टिकली. मधला, ना धड स्वस्त ना धड खास, असा जो मोठा पसारा होता तो ढासळला. व्यापारात मधल्याची ही गत नेहमीच होते.

तिसरे कारण आंतरजाल. निक जेंकिन्स यांनी शतकाच्या वळणावर ‘मूनपिग’ ही कंपनी काढली. हे विचित्र नाव म्हणजे त्यांचे शाळेतील टोपणनाव. गिऱ्हाइकाने घरबसल्या चित्र निवडावे, त्यात आपला फोटो आणि मजकूर घालावा. कंपनीने ते छापून, पाकिटात घालून, थेट ज्याचे त्याला पाठवून द्यावे, अशी ही सोय. वाढदिवस विसरला जाऊ नये म्हणून आधी आठवण देण्याचे कामही यंत्रच करते. २०२१ च्या फेब्रुवारीत ही कंपनी लंडनच्या शेअरबाजारात आली. तो मुहूर्त विशेष आहे. कारण त्या महिन्यात महामारीमुळे इंग्लंडमधील शुभेच्छापत्रांची सर्व दुकाने सरकारी आज्ञेने बंद होती. २०२० मध्ये आईचा रविवार २२ मार्चला आला आणि दुसऱ्याच दिवशी टाळेबंदी जाहीर झाली. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळातील हा चौथा रविवार या धंद्याच्या मोठ्या सणांपैकी एक आहे. २०२१ मध्ये तर दुकाने जानेवारीपासून १२ एप्रिलपर्यंत बंद राहिली; म्हणजे प्रेमिकांचा दिवस, आईचा रविवार आणि ईस्टर हे तिन्ही हंगाम हातचे गेले. किराण्याची दुकाने मात्र आवश्यक म्हणून उघडी होती, आणि तेथे पत्रांची फळीही होती.

चौथे कारण भाडे. इंग्लंडमध्ये दुकानाचे भाडे परंपरेने दर तिमाहीला आगाऊ द्यावे लागे, आणि त्याच्या तारखा जुन्या ख्रिस्ती पंचांगावरून ठरलेल्या आहेत : २५ मार्च, मरियेला देवदूताने दिलेल्या संदेशाचा दिवस, २४ जून, योहान बाप्तिस्त्याचा, २९ सप्टेंबर, संत मायकलचा, आणि २५ डिसेंबर, नाताळ. २४ जूनला गोव्यात सांजांव साजरा होतो, तरुण मुले फुलापानांचे मुकुट घालून विहिरीत उड्या घेतात. त्याच दिवशी इंग्लंडमधला दुकानदार भाड्याचा आकडा पाहून बुडत असतो. त्यातही नाताळाच्या दिवशी येणारा हप्ता सर्वांत कठीण. वर्षाची मोठी कमाई नुकतीच हाती आलेली, पुढचे सहा आठवडे विक्री जवळजवळ नाही, आणि हातातली रक्कम घरमालकाच्या नावे. शिवाय जुन्या करारांत बहुधा अशी अट असे की, ठराविक वर्षांनी भाड्याचा फेरविचार होईल, पण तो वाढविण्यासाठीच. कमी करण्यासाठी नव्हे. पेठ ओस पडत असतानाही भाडे खाली येत नसे. ज्या कंपनीने भरभराटीच्या काळात शेकडो ठिकाणी असे करार केले, तिच्या पायांत ते बेड्या होऊन पडले. २००९ च्या जानेवारीत वूलवर्थ या जुन्या साखळीची आठशेहून अधिक दुकाने बंद होऊन गेली, तेव्हा अनेक पेठांतली गर्दीच आटली. शुभेच्छापत्राचे दुकान गर्दीवर जगते. ‘चला, आज कार्डच आणू’ म्हणून घरातून निघणारे थोडे. दुसऱ्या कामासाठी आलेले आणि सहज आत शिरणारेच अधिक.

आणि पाचवे कारण टपाल. ज्या चाकाचा उल्लेख मघाशी आला, ते हेच. ब्रिटनमध्ये २००४-०५ च्या सुमारास वर्षाला २० अब्ज पत्रे जात. २०२३-२४ मध्ये ती ७ अब्जांच्याही खाली आली. पत्रे कमी झाली म्हणून दर वाढले, आणि दर वाढले म्हणून पत्रे आणखी कमी झाली. पहिल्या वर्गाचे तिकीट २०१२ च्या आरंभी ४६ पेनी होते. त्या वर्षी एप्रिलअखेर ते ६० पेनी झाले. एप्रिल २०२५ मध्ये ते १ पौंड ७० पेनीवर गेले. ज्याला तीस नाताळपत्रे पाठवायची आहेत, त्याला २०१२ च्या आरंभी नुसत्या तिकिटांसाठी १३ पौंड ८० पेनी लागत. २०२५ मध्ये ५१ पौंड. पत्र एका पौंडाच्या आतले आणि तिकीट त्याहून महाग, अशी ही उलटी स्थिती आली. जुलै २०२५ पासून दुसऱ्या वर्गाची पत्रे तेथे शनिवारी वाटली जात नाहीत, आणि इतर दिवशीही एक दिवसाआड वाटण्यास परवानगी मिळाली आहे. डेन्मार्कने तर २०२५ च्या अखेरीस सरकारी टपालाची पत्रवाटणी चारशे वर्षांनी पूर्णपणे थांबविली.

आपल्याकडे हा इतिहास थोड्या निराळ्या वाटेने घडला. छापील भेटकार्ड येण्याच्या आधीपासून आपल्या समाजाला सणासुदीला पत्र पाठविण्याची सवय होती. संक्रांतीला पाकिटात हलव्याचे चार दाणे घालून ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ लिहिलेले पत्र परगावी जात असे. बडोदे, ग्वाल्हेर, इंदूर, हैदराबाद येथे स्थायिक झालेल्या कुटुंबांना ते चार दाणे म्हणजे पुण्या-साताऱ्याकडील माहेरचा स्पर्श वाटे. तारखात्याने तर नेहमीच्या शुभेच्छांची वाक्ये क्रमांकांनी ठरवून दिली होती. नुसता आकडा सांगितला की विवाहाचे किंवा दिवाळीचे अभीष्टचिंतन पलीकडे पोहोचे. ती तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. भेटकार्डांची खास दुकाने आपल्या शहरांत आणली ती मुख्यतः १९७९ साली दिल्लीत सुरू झालेल्या ‘आर्चीज’ने. नव्वदच्या दशकात महाविद्यालयाजवळच्या अशा दुकानात मुलामुलींची झुंबड असे. मग भ्रमणध्वनी आला, संदेश फुकट झाले, आणि इंग्लंडमध्ये जे तीस वर्षांत घडले ते येथे दहा वर्षांत उरकले. तेथे निदान कागद टिकला आणि दुकान गेले. येथे बहुतांशी दोन्ही गेले.

आता प्रश्न असा की, याबद्दल हळहळावे का? येथे थोडे सावधपणे बोलले पाहिजे. ‘पूर्वी लोक मनापासून लिहीत, आता बोटाने एक कळ दाबली की झाले,’ असे म्हणणे सोपे आहे. परंतु हेन्री कोल यांनी १८४३ मध्ये जे केले ते नेमके याच कारणासाठी, हे विसरता कामा नये. त्यांना प्रत्येकाला पत्र लिहिण्याचा कंटाळा आला होता. शुभेच्छापत्र जन्मले तेच मुळी श्रम वाचविण्यासाठी. तेव्हाच्या एखाद्या वृद्ध काकांनी ते हातात घेऊन, ‘एवढ्या ओळखीच्या माणसाला छापील कागद पाठवितो का?’ असे नक्कीच म्हटले असेल. शिवाय आत कोणी तरी दुसऱ्याने जुळविलेली कविता, आणि खाली फक्त सही, अशी पत्रे काय थोडी गेली? दुकानांनीही लोभाने चमकी आणि जरीचा एवढा मारा केला की ते कागद रद्दीतसुद्धा घेता येईनात. दुकाने गेली म्हणून माया गेली, हे म्हणणे खरे नाही. आणि दुकाने होती म्हणून माया होती, हेही नाही.

तरी पण काही गेले आहे, आणि ज्यांचे गेले ते फारसे बोलत नाहीत. ते म्हणजे वृद्ध माणसे. एखाद्या गावात ऐंशीच्या घरातली विधवा एकटी राहते. तिला मोटार चालविता येत नाही. गावाबाहेरच्या प्रचंड किराणा दुकानापर्यंत जाण्याचे तिच्या गुडघ्यांत बळ नाही. आंतरजालावर पैसे भरण्याचे तिला भय वाटते. तिची पेठ म्हणजे घरापासून बसच्या दोन थांब्यांएवढी. टपालकचेरी, औषधे आणि कार्डाचे दुकान, एवढ्यात तिचा आठवडा पुरा होतो. नातवाच्या वाढदिवसाचे पत्र निवडायला तिला अर्धा तास लागतो, आणि त्या अर्ध्या तासात दुकानातली बाई तिच्याशी बोलते. ‘कितवा वाढदिवस?’ एवढाच तो प्रश्न असतो. त्या दिवशी तिला दुसरे कोणी काही विचारलेले नसते. ते दुकान बंद झाले तर नातवाला पत्र न मिळण्याचा तोटा लहान. आजीला तो प्रश्न विचारणारे कोणी उरत नाही हा तोटा मोठा. कोणत्याही हिशेबाच्या वहीत तो मांडला जात नाही.

दुसरे गेले ते दुखवट्याच्या त्या शांत कोपऱ्याचे. आनंद कळविणे सोपे असते; त्यासाठी चार चित्रे आणि दोन उद्गारचिन्हे पुरतात. दुःखाच्या वेळी मात्र माणसाची वाणी अडते. आपल्याकडे कोपरा फाडलेले पोस्टकार्ड आले की आतला मजकूर वाचण्यापूर्वीच घरातल्या स्त्रिया स्तब्ध होत. समाचाराला जाणे, काही न बोलता शेजारी बसणे, ही आपली रीत. इंग्रज समाजात तेच काम दुखवट्याचे पत्र करते. ते घेणाऱ्याला काय लिहावे हे सुचत नाही, म्हणून तो फळीसमोर उभा राहतो. एक उचलतो, ठेवतो, दुसरे उचलतो. त्या उभे राहण्यातच गेलेल्या माणसाची आठवण होते, आणि मागे राहिलेल्याचा विचार होतो. तशाच संदेशाची कळ दोन क्षणांत दाबता येते. दोन्ही पोहोचतात, पण एकात पाठविणारा थोडा वेळ थांबलेला असतो. शिवाय पत्र हे फळीवर उभे करून ठेवता येते. घरी येणारा जाणारा ते पाहतो आणि म्हणतो, ‘बरीच माणसे आहेत हो तुम्हांला.’ हे वाक्य ऐकण्यासाठी एकाकी माणूस काय देणार नाही?

यावरून पाहता, दुकान वाचविणे हे कोणाच्या हाती असेल किंवा नसेल. भाड्याचे करार, टपालाचे दर आणि सरकारी कर यांचा बंदोबस्त ज्याचा त्याने करावा. काही गावी छोट्या दुकानदारांनी त्याला उत्तर शोधले आहे : पत्रांबरोबर चहा, गावातल्याच चित्रकारांची चित्रे, लोकरीच्या वस्तू, पार्सल देण्याघेण्याची सोय. त्यामुळे गिऱ्हाईक एका कामासाठी येते आणि दुसरे करून जाते. अशी दुकाने टिकतील, असे मानण्यास जागा आहे. परंतु थांबण्याचा जो अर्धा तास दुकान माणसाला सक्तीने देत असे, तो आता ज्याचा त्याने काढावयास हवा. शाळेच्या वहीचा अर्धा कागदही त्यासाठी पुरतो. गोव्यात नाताळच्या दिवशी शेजाऱ्याच्या घरी गोडधोडाचे ताट जाते, मग तो शेजारी कोणत्याही धर्माचा असो. दिवाळीला तेच ताट फराळाने भरून परत येते. त्या ताटावर काही छापलेले नसते. ते हातांनी भरलेले आणि दारापर्यंत नेलेले असते, एवढेच त्याचे मोल.

हेन्री कोल यांच्या त्या पहिल्या पत्रावर चित्राखेरीज आणखी दोन गोष्टी होत्या, आणि त्या बहुधा नजरेतून सुटतात. वर ज्याला पाठवायचे त्याच्या नावासाठी एक मोकळी जागा, आणि खाली पाठविणाऱ्याच्या नावासाठी दुसरी. बाकी सारे छापखान्याने केले. त्या दोन जागा मात्र छापून येणे शक्यच नव्हते. त्या आजही मोकळ्या आहेत. या वर्षी सण येईल तेव्हा, ज्या घरी पत्र येण्याचे थांबले आहे अशा एका तरी वृद्ध माणसाचे नाव वरच्या जागी लिहावे, आणि खाली आपले. तिकिटाचा खर्च वाचवायचा असेल आणि घर जवळ असेल, तर ते पत्र स्वतःच नेऊन द्यावे. मग कदाचित पत्राची गरजही पडणार नाही.